वारस हवा की मूल?

वऱ्हाडात मूलबाळ नसलेल्या घरी दत्तकाचा विषय निघतो तेव्हा बैठकीत सर्वप्रथम सातबाऱ्याचा उतारा मांडला जातो. वावर किती, त्यातले ओलिताचे किती, सोसायटीचे कर्ज किती थकले आहे, अकोल्यातला प्लॉट कोणाच्या नावावर आहे, या बाबींचा उलगडा झाला म्हणजे मग थोरल्या भावाच्या तीन मुलांपैकी कोणते द्यायचे याची चर्चा सुरू होते. ज्या स्त्रीच्या ओटीत ते मूल घालायचे ती बहुधा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. मुलाला तर कोणी विचारीतच नाही. मुहूर्त निघतो, मुलाला मांडीवर बसवले जाते, पेढे वाटले जातात आणि पंचक्रोशीत वार्ता पसरते की अमुक पाटलांचा वंश राहिला. या सगळ्या सोहळ्यात दत्तक गेले ते मूल नव्हे, जमीन गेली, हे सांगण्याची हिंमत सोहळ्याला जमलेल्यांपैकी कोणाचीही नसते. त्यात खादीचे कपडे घालून आलेले आणि सभांमधून समाजवादी समाजरचनेवर व्याख्याने देणारेही असतात.

दत्तक ही कल्पना मालमत्तेच्या दावणीतून सोडवल्याशिवाय तिचा मानवी अर्थ हाती लागणार नाही, आणि हे काम पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी स्वतःच्या घरापासून केले नाही तर ते दुसरे कोणी करणार नाही. दत्तकाकडे पहिले पाऊल टाकायचे म्हणजे कोणता अर्ज भरायचा, एवढाच प्रश्न नाही. अर्ज सोपा आहे. अर्जाआधी मनातला जो प्रश्न बदलावा लागतो तो अवघड आहे. "आमचे नाव कोण चालवील?" हा प्रश्न घेऊन जो निघाला, तो कितीही कायदेशीर मार्गाने गेला तरी शेवटी वारस घेऊनच परततो. "या मुलाला घर कोण देईल?" असे विचारणारे फार थोडे निघतात.

या मनोवृत्तीला मोठा इतिहास आहे. डलहौसीने १८४८ साली सातारा आणि १८५४ साली नागपूर खालसा केले ते दत्तकाचा हक्क अमान्य करून. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्रावाचून वारले आणि काही महिन्यांतच त्यांचे राज्य संपले. त्याच १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. शेजारच्या दोन मुलखांपैकी एकाचे भवितव्य पुत्र नाही म्हणून ठरले, दुसऱ्याचे देणे फिटले नाही म्हणून. रयतेला दोन्ही प्रसंगी कोणी विचारले नाही. शाळेतल्या इतिहासाने दत्तक नामंजुरीचा निषेध शिकवला, तो योग्यच होता. परंतु त्या भांडणात एक गोष्ट झाकली गेली. इंग्रज आणि संस्थानिक यांचा वाद राज्य कोणाकडे जावे एवढ्यापुरता होता. दत्तक म्हणजे मालमत्ता पुढे वाहून नेणारा पुत्र, या गृहीतावर दोघांचेही संपूर्ण एकमत होते.

जुन्या हिंदू कायद्याची तीच तऱ्हा. सर्वसाधारण नियम असा की दत्तक घ्यायचा तो मुलगाच. विधवेने घ्यायचा तोही मृत पतीच्या नावाने. महाराष्ट्रात मानल्या गेलेल्या परंपरेप्रमाणे विधवेला पतीच्या स्पष्ट परवानगीवाचून दत्तक घेण्याची मुभा होती आणि ही मुभा स्त्रीस्वातंत्र्याची खूण म्हणून अभिमानाने सांगण्यात येते. प्रत्यक्षात काय घडे? दत्तकाचा हक्क पतीच्या मृत्यूच्या दिवसापासून लागू धरला जाई, त्यामुळे वाटण्या होऊन स्थिरावलेली मालमत्ता वर्षांनंतर पुन्हा उखडली जाई आणि भाऊबंदकीचे दावे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत चालत. वकीलवर्गाचे त्यात भले झाले, एवढे मान्य केले पाहिजे. ज्या मुलाच्या नावाने हे सारे चाले, ते जन्मदात्या आईपासून तुटले याची नोंद कोणत्याही निकालपत्राने घेतली नाही.

याच काळात पुण्यात एका जोडप्याने दत्तकाचा वेगळाच अर्थ लावून दाखवला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे येऊन बाळंत व्हावे, मूल हवे तर तेथेच सोडून जावे, त्यांचे नाव विचारले जाणार नाही, अशी ती व्यवस्था होती. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या माळी जोडप्याने १८७४ साली आपला मुलगा मानले. त्याचे नाव यशवंत. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले त्यात त्याच्या हक्कांची तजवीज केली, कारण भाऊबंद गप्प बसणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना संसर्ग झाला व त्यातच त्यांचा अंत झाला. फुले दांपत्यापाशी वतन नव्हते, वंशाचा दिवा लावण्याची हौस नव्हती. जात तर त्यांनी उलटीच ओलांडली होती. आज फुल्यांचे नाव प्रत्येक व्यासपीठावर घेतले जाते, त्यांच्या पुतळ्याला हार घातला जातो, आणि हार घालणाऱ्याच्या घरी मात्र दत्तक यायचा तो स्वतःच्या जातीचा, शक्य तर स्वतःच्या कुळीचा, आणि मुलगाच.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ गाडगेबाबांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबरला, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अस्तित्वात आला. त्यापूर्वी पंधरवडाभर, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले होते. हिंदू संहितेचे विधेयक रखडवले गेले, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचे एक प्रमुख कारण होते. योगायोगाला नसता अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. तरीही वऱ्हाडातल्या वाचकाला एवढे आठवायला हरकत नाही की शेंडगावात जन्मलेला डेबू वडील वारल्यावर मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाच्या घरी वाढला, आणि मोठेपणी त्याने उभारलेल्या धर्मशाळांवर रक्ताच्या वारसांचा हक्क सांगू दिला नाही.

१९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. पुरुषाने दत्तक घेताना पत्नीची संमती आवश्यक ठरवली. दत्तकापूर्वी ज्याच्या नावे जी मालमत्ता झाली ती दत्तकामुळे हिरावली जाणार नाही, असे सांगून जुन्या दाव्यांचे मूळच तोडले. दत्तकासाठी पैसे देणे-घेणे गुन्हा ठरवला. होमहवन अनावश्यक ठरले. ही प्रगती खरीच. पण कायद्याच्या पोटात जुना हिशेब शिल्लक राहिला होता. मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येणार नाही, मुलगी असेल तर दुसरी मुलगी घेता येणार नाही, ही अट मुलाच्या गरजेतून आलेली नाही. वारसाची जागा एकदा भरली की दुसरा कशाला, या विचारातून ती आली आहे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार मिळायला २०१० साल उजाडावे लागले. आणि हा कायदा हिंदूंपुरता. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येई, आईबाप नव्हे. सर्व धर्मीयांसाठी दत्तकाचा कायदा करण्याचा प्रयत्न संसदेत १९७२ पासून झाला आणि धर्माच्या ठेकेदारांपुढे सरकारांनी प्रत्येक वेळी माघार घेतली.

अखेर दार उघडले ते बालन्याय कायद्याने. २००० साली आणि नंतर २०१५ साली झालेल्या या कायद्यांनी दत्तक हा विषय कुटुंबाच्या मालमत्तेतून काढून बालकाच्या हक्कांत आणून ठेवला. या कायद्याखाली घर शोधायचे असते ते मुलासाठी. जोडप्याची गरज त्यानंतर येते. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी असा निर्णय दिला की औरस मुलगी असलेल्या दांपत्यालाही या कायद्याखाली दुसरी मुलगी दत्तक घेता येते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला हा मार्ग खुला असल्याचे सांगितले. संसदेला जे चाळीस वर्षे जमले नाही ते असे झाले.

कायदा बदलला तरी न्यायासनावरचे मन बदलतेच असे नाही. खानदेशातल्या एका कनिष्ठ न्यायालयाने एका घटस्फोटित स्त्रीला आपल्या बहिणीची मुलगी दत्तक घेण्यास नकार दिला; कारण काय, तर ती नोकरी करते, मुलीकडे लक्ष देऊ शकणार नाही! हा निकाल २०२३ साली उच्च न्यायालयाने रद्द केला आणि त्यामागच्या विचाराला मध्ययुगीन म्हटले. नोकरी करणाऱ्या बापाला हा प्रश्न आजवर कोणत्या न्यायालयाने विचारला आहे?

टंचाई कशाची?

दत्तकाची इच्छा बाळगणाऱ्या सुशिक्षित मंडळींची नेहमीची तक्रार अशी की, "मुलेच मिळत नाहीत, तीन-तीन, चार-चार वर्षे थांबावे लागते." तक्रार खोटी नाही, निदान मात्र चुकीचे आहे. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये दत्तक कायद्यांविषयी अहवाल सादर केला. डिसेंबर २०२१ अखेर नोंदणी करून थांबलेल्या इच्छुक पालकांची संख्या त्यात २७,९३९ दिली आहे. बालसंगोपन संस्थांत असलेल्या अनाथ, टाकून दिलेल्या व स्वाधीन केलेल्या मुलांची संख्या होती ६,९९६. आणि त्यांपैकी दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त म्हणून जाहीर झालेली मुले अवघी २,४३०. म्हणजे एका मुलामागे अकरांहून अधिक अर्ज.

बाजाराचे अर्थशास्त्र शिकलेला माणूस यावर लगेच म्हणेल की मागणी जास्त, पुरवठा कमी. मुलांच्या बाबतीत ही भाषा वापरणे मुळातच असभ्य आहे. पण क्षणभर ती मान्य केली तरी आकडे वेगळेच सांगतात. संस्थांत असलेल्या मुलांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कागदोपत्री मुक्त होता. उरलेली साडेचार हजारांहून अधिक मुले संस्थेतच होती; त्यांना आईबाप नव्हते, आणि आईबाप नसल्याचा दाखलाही नव्हता. टंचाई दाखल्याची आहे. कायदा सांगतो की दोन वर्षांपर्यंतचे मूल सापडल्यास दोन महिन्यांत, त्याहून मोठे असल्यास चार महिन्यांत बालकल्याण समितीने चौकशी पूर्ण करून निर्णय द्यावा. आईने स्वतःहून मूल स्वाधीन केले असेल तर तिला फेरविचारासाठी दोन महिने द्यावेत. या मुदती कागदावर आहेत. पोलिसांचा अहवाल यायचा असतो, समितीची गणसंख्या भरायची असते, जाहिरात द्यायची राहिलेली असते, आणि मूल तेवढ्या अवधीत मोठे होत जाते. सहा महिन्यांचे बालक चार वर्षांचे झाले की त्याला घर मिळण्याची शक्यता किती उरते, हे दत्तकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणत्याही समाजसेविकेला विचारावे. कारण बहुतेक इच्छुकांना दोन वर्षांच्या आतलेच बाळ हवे असते.

देशात तीन कोटी अनाथ मुले आहेत असाही एक आकडा भाषणांतून फेकला जातो. तो वापरताना जपले पाहिजे. त्या गणतीत आई किंवा बाप यांपैकी एक हयात असलेली मुलेही धरलेली असतात. ती दत्तकासाठी नाहीत आणि असूही नयेत. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तके झाली आणि तो गेल्या बारा वर्षांतला उच्चांक म्हणून जाहीर करण्यात आला. शंभर कोटींहून मोठ्या देशात एका तालुक्याच्या शाळांतही मावतील एवढ्या मुलांना वर्षभरात घर मिळते, आणि सरकारला त्याचा अभिमान वाटतो.

मुलगाच हवा असणाऱ्या देशात दत्तक जाणाऱ्यांत मुलीच अधिक असतात. २०१५ ते २०१८ या काळात देशातल्या देशात ११,६४९ मुले दत्तक गेली, त्यांत ६,९६२ मुली होत्या. काही मंडळी हा आकडा समाज सुधारल्याचा पुरावा म्हणून दाखवतात. मुलींना मागणारे वाढले हे काही अंशी खरे असेल, पण मुलीच अधिक टाकल्या जातात म्हणून त्याच अधिक दिल्या जातात, हे अर्धे सत्य गिळून टाकता येणार नाही.

अर्ज, गृहभेट आणि मागचे दार

आता प्रत्यक्ष पहिल्या पावलाविषयी. अकोल्यातले एखादे शिक्षक दांपत्य किंवा चांदूर बाजारकडचे एखादे कास्तकार जोडपे असे मूल घरी आणायचे ठरवते तेव्हा त्याला दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संगणकीय नोंदवहीत नाव घालावे लागते. ओळखपत्र, विवाहाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र अशी कागदपत्रे लागतात. विवाह होऊन दोन वर्षे झालेली असावीत, दोघांची संमती असावी, मूल आणि पालक यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचे अंतर असावे. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. नंतर समाजसेविका घरी येते, घर पाहते, शेजारपाजारची चौकशी करते आणि अहवाल लिहिते; या अहवालाचे शुल्क सहा हजार रुपये आहे. मूल घरी आणताना संस्थेच्या संगोपन निधीसाठी आणखी मोठी रक्कम द्यावी लागते. नोंदणीच्या ज्येष्ठतेप्रमाणे पाळी आली की मुलाची माहिती येते, आणि होकार कळवायला अठ्ठेचाळीस तास मिळतात. शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२ पासून, तो अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे गेला आहे.

या पद्धतीवर टीका करणारे म्हणतात की पूर्वीचे दिवस बरे होते. आश्रमात जावे, बाळ पाहावे, आवडले ते घ्यावे. हे म्हणणे प्रतिगामी आहे. मुलांना रांगेत उभे करून रंगरूप पाहून निवडण्याची ती रीत बंद झाली हे फार उत्तम झाले. आमदाराची चिठ्ठी घेऊन येणारा आणि पायी चालत येणारा कोतवाल एकाच क्रमांकात उभे राहतात, एवढी समता आणखी कोणत्या सरकारी खिडकीवर दिसते? अर्जात वय, प्रकृती, मुलगा की मुलगी, राज्य कोणते, यांविषयी पसंती विचारली जाते. मुलाची जात निवडण्याची सोय त्यात नाही. वऱ्हाडातले कित्येक होऊ घातलेले आईबाप नेमके याच ठिकाणी थबकतात. अनाथ मुलाला जात नसते, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का आरक्षण ठेवले. राज्याला जे मान्य झाले ते घरच्या थोरल्यांना मान्य होत नाही.

पद्धतीतले खरे दोष निराळे आहेत. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या माणसाने संगणकावर अर्ज कसा भरायचा? उत्पन्नाची पावती नसलेल्या शेतमजूर जोडप्याने आपली ऐपत कशी सिद्ध करायची? या दोन प्रश्नांना व्यवस्थेपाशी धड उत्तर नाही. परिणामी दत्तक हा पगारदार शहरी वर्गाचा हक्क बनत चालला आहे, आणि गावातली गरीब जोडपी मागच्या दाराकडे ढकलली जात आहेत.

ते मागचे दार सर्वांना ठाऊक आहे. कोणी ओळखीची परिचारिका सांगते, कोणी दलाल भेटतो, शंभर रुपयांच्या मुद्रांकावर कोणाकडून तरी शिक्का मारून घेतला जातो आणि मूल घरी येते. पैशांच्या मोबदल्यात मूल देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही बालन्याय कायद्याच्या ८१ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पैसे न देता, पण ठरलेली पद्धत डावलून अनाथ मूल परस्पर घेतले तर ८० व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेची भीती हा यातला लहान भाग आहे. मोठा भाग असा की ते मूल आयुष्यभर कागदावर कोणाचेच नसते. शाळेच्या दाखल्यापासून वारसनोंदीपर्यंत प्रत्येक वळणावर कोणीतरी त्याला अडवू शकतो, आणि अडवणारे बहुधा घरातलेच असतात. नात्यातलेच मूल घ्यायचे असेल तर १९५६ च्या कायद्याखाली दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची रीतसर नोंदणी करण्याचा मार्ग हिंदूंना आजही खुला आहे. नोंदलेले दत्तकपत्र न्यायालय प्रथमदर्शनी ग्राह्य धरते. तोही टाळून शिक्क्यावर भिस्त ठेवणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

याच रस्त्यावर दुसरे एक दुकान उघडले आहे. अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर वंध्यत्व निवारणाच्या जाहिराती दिसतात आणि प्रत्येक प्रयत्नाला लाखाच्या घरात खर्च सांगितला जातो. ज्यांना हा उपचार घ्यायचा त्यांनी जरूर घ्यावा; त्यांच्या दुःखाची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण प्रसंगी वावर गहाण टाकून तिसरा, चौथा प्रयत्न करणाऱ्या जोडप्याला दत्तकाचा पर्याय पहिल्याच दिवशी कोणी सांगत नाही, कारण तो सांगण्यात कोणाचाच नफा नाही.

गरिबी म्हणजे त्याग नव्हे

पक्षातल्या काही जहाल मित्रांचा आक्षेप येथे नोंदवला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. त्यांचे म्हणणे असे की दत्तक म्हणजे गरिबांच्या झोपडीतून श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मुले वाहून नेणारा कालवा आहे. मुले टाकावी लागणार नाहीत असा समाज घडवा, दत्तकाचा प्रश्नच उरणार नाही. यातल्या पहिल्या भागाला आधार आहे. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी परदेशात मुले पाठवण्याच्या व्यवहारांविषयी सर्वोच्च न्यायालयात लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून प्रकरण उभे राहिले आणि १९८४ साली न्या. भगवती यांनी त्यावर कडक नियम घालून दिले, ते उगीच नव्हे.

म्हणूनच एक सीमारेषा ठाम आखली पाहिजे. कापसाचे पीक बुडाले, कर्ज फिटले नाही आणि नवऱ्याने विषाची बाटली जवळ केली, अशा घरी मागे राहिलेल्या बाईची दोन मुले अनाथ नाहीत. त्यांना आई आहे. अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांत अशी घरे आहेत आणि त्यांतल्या मुलांना दत्तक देण्याची दयाळू भाषा बोलणारे लोक अधूनमधून भेटतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत तर अनाथ बालकांची छायाचित्रे भ्रमणध्वनींवरून फिरवून 'दत्तक घ्या' अशी आवाहने झाली आणि शासनाला त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले. या मुलांना दुसरी आई नको आहे, त्यांच्या आईला उत्पन्न हवे आहे. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांच्या नावाने बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये केली आहे. दिवसाला पंचाहत्तर रुपये. एवढ्यात दूध, वही, चप्पल आणि औषध बसवायचे आहे, आणि तेही अर्ज मंजूर होऊन रक्कम वेळेवर जमा झाली तर. ज्या राज्याला आईजवळच्या मुलासाठी यापेक्षा अधिक देता येत नाही, त्याने आईने मूल का सोडले याची चौकशी करण्याचा आव आणू नये.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र टिकत नाही. शोषणरहित समाज येईपर्यंत आज पाळण्यात असलेल्या बाळाने थांबावे काय? क्रांतीची वाट पाहणे प्रौढांना परवडते. आणि शोषणरहित समाजातही काही आया बाळंतपणात दगावतील, काही मुले अपघातात आईबाप गमावतील. प्रश्न उरेलच.

कोणीच न निवडलेली मुले

या साऱ्या व्यवस्थेची खरी परीक्षा परतवाड्याजवळच्या वझ्झर या गावी होते. तेथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने चाललेल्या बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी मतिमंद, मूकबधिर, अंध, अपंग आणि बेवारस अशी १२३ मुले वाढवली. पोलिसांना रेल्वे फलाटावर, बसस्थानकावर, कचऱ्याच्या ढिगात सापडलेली ही मुले. ज्यांच्या नावासाठी कोणाचा वंश अडला नव्हता, अशांच्या नावापुढे शंकरबाबांनी पिता म्हणून स्वतःचे नाव लावले. गाडगेबाबांना मानणाऱ्या या माणसाला २०२४ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली, रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक दृष्टिहीन मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली.

सत्कार झाले, भाषणे झाली, मंत्री येऊन गेले. शंकरबाबांची जुनी मागणी जागच्या जागी आहे. कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. पुढे साधारणतः एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची सोय होते. ज्या मतिमंद मुलीला स्वतःचे नाव सांगता येत नाही तिने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोठे जायचे? बेवारस अपंगांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा, एवढेच ते मागत आले आहेत. पद्मश्री देणे स्वस्त पडते.

दत्तकाच्या नोंदवहीत विशेष गरजा असलेल्या मुलांचा एक वेगळा वर्ग आहे. भारतीय पालकांचे हात त्या वर्गाकडे क्वचित वळतात. परदेशी जाणाऱ्या मुलांत याच मुलांचा आणि मोठ्या वयाच्या मुलांचा भरणा असतो. ओठ फाटलेले, पाय वाकडा असलेले, एका शस्त्रक्रियेने बरे होऊ शकणारे बाळ इटलीला किंवा अमेरिकेला जाते, आणि येथे एक जोडपे निरोगी, गोऱ्या बाळासाठी चौथ्या वर्षी थांबलेले असते. भारतीय संस्कृतीत कुटुंबाला केवढे स्थान आहे यावर नंतर तेच जोडपे एखाद्या परिसंवादात ऐकायला बसते.

अमरावती आणि अकोला येथील जिल्हाधिकारी कचेऱ्यांवर दर महिन्याला कोणता ना कोणता मोर्चा जातो. दत्तकाचा आदेश आता याच कचेरीतून निघतो आणि बालकल्याण समितीच्या कामाचा आढावाही तेथेच घ्यायचा आहे. स्थायी समितीने २०२२ साली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली मासिक बैठक घ्यावी, अनाथ व टाकून दिलेल्या मुलांचा शोध घेऊन त्यांना दत्तकासाठी उपलब्ध करावे, असे सुचवले होते. पक्षाच्या दोन्ही जिल्हा शाखांनी कापसाच्या भावाबरोबर हाही कागद मागावा: जिल्ह्यातल्या संस्थांत आज किती मुले आहेत, किती मुक्त जाहीर झाली, किती प्रकरणे दोन आणि चार महिन्यांची मुदत उलटून पडली आहेत, आणि कोणाच्या टेबलावर. महिन्याच्या पहिल्या तारखेला ही यादी, मुलांची नावे वगळून, कचेरीच्या फलकावर लागावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. आणि त्या निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी मूल नाही व ज्यांच्या मनात पुतण्याचे नाव घोळते आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी घरी जाऊन दाराआड उभ्या असलेल्या बाईला तिचे म्हणणे विचारून यावे. १९५६ पासून तिची संमती कायद्यानेच लागते.